सात काठ्या

२८ ऑगस्ट

"बॉबी, तू सुरुवात फार छान करतेस." आमच्या प्रशिक्षक मिस पर्नेल मला हे म्हणाल्या त्याला आता चोवीस वर्षं झाली. मेरीलंडच्या कॉलेजातला तो माझा शेवटचा सामना. पहिल्या दहा मिनिटांत मी दोन गोल केले होते. (पुढे आम्ही अकरा-दोन हरलो, पण ते वेगळं.) बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढं वाक्य उच्चारलं आणि त्या कॉफी प्यायला निघून गेल्या. त्यांनी कुणाचं कौतुक केल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

तेव्हापासून मी सुरुवातीच करत आले आहे. व्हर्जिनियात मुलींचा लॅक्रोस संघ उभा केला, मग ओहायोत, मग मिशिगनमध्ये. जिथे या खेळाचं नावही कुणी ऐकलेलं नाही तिथे जायचं, संघ उभा करायचा, पुढचं गाव गाठायचं. एकदा संघ उभा राहिला की प्रशिक्षकाला तसं काही काम उरत नाही.

आज चौथं गाव. आयोवातलं व्हीलर क्रीक, तिथलं शेतकी कॉलेज. साडेसहाशे विद्यार्थी आणि, क्रीडासंचालकांनी छाती काढून सांगितलं, सातशे दहा गाई.

संचालकांचं नाव मर्ल व्हँडरस्लूट. जुने कुस्ती प्रशिक्षक. दोन्ही कान आखाड्यात चुरगळलेले.

"कोच, मला एकदा नीट सांगा. हे टेनिस की हॉकी?"

"दोन्ही नाही. काठीच्या टोकाला झोळी असते. तिच्यात चेंडू झेलायचा, झोळी डोलवत पळायचं आणि गोलात मारायचा."

"म्हणजे मासे धरायच्या जाळीतून अंडं फेकायचं."

"तसंच काहीसं."

मग त्यांनी अट सांगितली. मार्चच्या पहिल्या शनिवारी पहिला सामना. त्या दिवशी आमच्या बाराजणी मैदानात उभ्या राहिल्या तर लीग आम्हाला घेणार, संघ चालू राहणार. नाही राहिल्या तर संघ बंद. "विश्वस्तांपैकी दोघांचं म्हणणं आहे की तुमच्या सामानाच्या खोलीत डुकरांचं प्रसूतिगृह छान बसेल," ते म्हणाले. त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. डुकरांबद्दल इथे कुणी गंमत करत नाही.

११ सप्टेंबर

'मुलींचा लॅक्रोस संघ. अनुभवाची गरज नाही.' अशी पाटी लावली. चौघी आल्या. त्यांतल्या एकीला हा नाच वाटला होता. कळल्यावरही ती थांबली, कारण तिची बस सुटली होती.

लिने रुइश नावाची उंच मुलगी पुढे येऊन म्हणाली, "कोच, यात कुणाला धरून पाडता येतं?"

"नाही."

"ढकलता?"

"नाही. काठीला काठी लावायची, तीही जपून."

"पण टीव्हीवर मुलगे तर एकमेकांना आडवे करत होते."

"मुलग्यांचे नियम वेगळे आहेत."

"हां," ती समजुतीने म्हणाली. "वळूंचे असतात तसे."

हिला कर्णधार करणार.

२० सप्टेंबर

मी मिसेस डिक्स्ट्रांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आज त्या हॅमचे गोळे घेऊन वर आल्या आणि माझ्या खोक्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय गं आहे यांच्यात?"

"पडदे, पातेली, चार फोटो."

"मग खिडकीला माझ्या नवऱ्याची चादर का?"

मी सांगितलं, वेळ मिळाला नाही. त्यांनी एका खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडली. "यावर ओहायोचा पत्ता आहे. हे तर मिशिगनलाही उघडलेलं दिसत नाही."

म्हातारीची नजर तीक्ष्ण आहे. हॅमचे गोळे उत्तम होते.

३ ऑक्टोबर

नऊजणी झाल्या, पण गोलरक्षक नाही. गोलरक्षक शिकवून तयार होत नाही. चेंडू तोंडावर येत असताना डोळे न मिटणारी मुलगी जन्मावीच लागते.

म्हणून आज दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये चौदा संत्री घेऊन गेले. आज मंगळवार, म्हणजे तिखट बीन्सचा रस्सा आणि सोबत दालचिनीचा गोड बन. सगळं कॉलेज हजर. मी एकेका मुलीला, न सांगता, एकेक संत्रं हलक्या हाताने टाकत गेले. अकराजणींनी डोळे मिटले, दोघी टेबलाखाली गेल्या. चौदावं संत्रं माझ्या हातून जरा जोरात सुटलं आणि एका मुलीच्या थेट कपाळावर बसलं. तिची पापणीही हलली नाही. हातातला घास संपवला, संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं.

"लागलं का गं?"

"नाही. पहाटे चार ते सहा मी धारा काढते. तिथे लाथा बसतात. हे तर फळ आहे."

जिनिव्हा पोस्टमा. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या हातात संत्रं होतं.

संध्याकाळी मर्लनी बोलावलं. "कोच, तुम्ही जेवणाऱ्या मुलींना संत्री मारता अशी तक्रार आहे."

"एकच लागलं."

"तेच म्हणतोय. चौदात एक म्हणजे काय नेम झाला?"

१४ नोव्हेंबर

बाहेर बर्फ, म्हणून जनावरांच्या प्रदर्शनाच्या मंडपात सराव. पायाखाली लाकडाचा भुसा, बाजूच्या कठड्यामागे कालवडी आमच्याकडे बघत रवंथ करतात. चेंडू भुशात हरवतात. कधी कधी हाती येतो तो चेंडू नसतो.

काठ्या आल्या. सोळा, शिवाय जिनिव्हाची गोलरक्षकाची मोठी, रुंद जाळीची. हल्ली तयार झोळ्या मिळतात, पण मी जुन्या पद्धतीच्या मागवल्या: चामड्याच्या चार वाद्या आणि त्यांच्यामधून विणलेला दोरा. सोळाच्या सोळा झोळ्या मी स्वतः विणल्या. अकरा दिवस लागले. मुलींकडून एकच नियम घोकून घेतला: झोळीत चेंडू ठेवून काठी डोळ्यांसमोर आडवी धरली की चेंडूचा माथा कडेच्या वर दिसला पाहिजे. नाही दिसला तर झोळी फार खोल, काठी बाद. (गोलरक्षकाला हा नियम नाही. तिची झोळी कितीही खोल चालते.)

मुलींनी काठ्या दोन्ही हातांनी, तान्हं मूल घ्यावं तशा घेतल्या. अपवाद डार्सी ओल्टमनचा. तिने आपली काठी पिकअपच्या मागे पेंडीच्या पोत्यांखाली फेकली. तिला तीनदा बोलले. "हो कोच," म्हणाली आणि चौथं पोतं टाकलं.

६ डिसेंबर

चौदाजणी! मंडपात एकटीच नाचले. कालवडींनी पाहिलं.

२१ डिसेंबर

जिनिव्हाच्या घरी कालवड जन्मली. तिचं नाव 'कोच' ठेवलं आहे.

"माझ्यावरून? का गं?"

"सारखी कुंपणाकडे बघत असते."

गाईंना कुंपणाकडे बघण्याशिवाय दुसरं काम काय असतं म्हणा. पण मला फार बरं वाटलं. आजवर कुणी माझं नाव कशालाच दिलं नव्हतं.

१७ जानेवारी

कोलोरॅडोहून फोन. तिथल्या एका कॉलेजला येत्या ऑगस्टपासून मुलींचा संघ उभा करायचा आहे. "आम्हाला सुरुवात करून देणारं माणूस हवंय," बाई म्हणाल्या. किती नेमकं बोलल्या. कळवते म्हटलं. इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही. उगाच मुलींचं लक्ष विचलित व्हायचं.

लिनेने आज मंडपाच्या मध्यावरून धावत येऊन गोलात चेंडू मारला, आणि जिनिव्हाने तो अडवला, आणि दोघी भुशात लोळून हसत सुटल्या. घरी आल्यावर माझं डोकं दुखत होतं. थंडी फार आहे.

९ फेब्रुवारी

सामन्यांचं वेळापत्रक आलं. पहिला सामना इलिनॉयच्या एका कॉलेजशी, आमच्याच मैदानावर. त्यांची प्रशिक्षक कार्लिन व्हिटक्राफ्ट!

कार्लिन ओहायोत माझ्या संघाची कर्णधार होती. विलक्षण मुलगी. मला मिशिगनची नोकरी लागली तेव्हा ऐन फेब्रुवारी होता, हंगाम तोंडावर, आणि निरोप घेणं मला कधीच जमत नाही. रडारड होते, वेळ जातो. म्हणून सामानाच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावली आणि निघाले. नवीन प्रशिक्षक मिळायला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे वीस वर्षांच्या कार्लिनने एकटीने सराव घेतला, बस ठरवली, सगळ्यांना सांभाळलं. पाया किती पक्का घातला होता याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा!

नंतर मी तिला तीन पत्रं पाठवली. ती कामात असणार.

१ मार्च, गुरुवार

सगळ्या काठ्या स्वतः मोजून पाहिल्या. सोळाही झोळ्या नियमात. डार्सीच्या काठीला पेंड चिकटलेली आहे, पण झोळी बरोबर आहे.

२ मार्च, शुक्रवार

सराव संपल्यावर मुलींना गोल बसवलं. म्हटलं, "उद्या सामन्याआधी दोन पंच तुमच्या काठ्या तपासतील."

चौदा माना वर झाल्या.

"प्रदर्शनातल्या जजसारख्या?" जिनिव्हाने विचारलं. "हातात घेऊन?"

"हो. एकेक."

"मागून-पुढून?"

"मागून, पुढून, आडवी धरून."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. लिने म्हणाली, "कोच, हे आधी सांगायचं ना." आणि चौदाजणी अशा लगबगीने उठल्या की डार्सीसुद्धा दारापर्यंत गेली. (मग ती जेवायला वळली.) काठ्या नेऊ का विचारलं, मी हो म्हटलं. रात्रभर काठी जवळ असली की हात बसतो.

घरी येताना गोठ्याच्या धुण्याच्या खोलीत दिवा दिसला. आतून पाण्याचा आवाज, गाणी, हसणं. आत डोकवावंसं वाटलं, पण मुलींना आपापला वेळ हवा असतो. शेवटी त्या गंभीर झाल्या. सहा महिने लागले, पण झाल्या.

३ मार्च, शनिवार. दुपारचे पाऊण

सामानाच्या खोलीत बसून लिहिते आहे. सामना एकला होता, पण मैदानावरचं बर्फ अजून निघालेलं नाही, म्हणून पंचांनी दीडची वेळ दिली आहे. हातांना काहीतरी काम हवं म्हणून हे.

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला बघते तर गावातले दोनेकशे लोक बाकांवर. मिसेस डिक्स्ट्रा तीन ताटं भरून चॉकलेटच्या वड्या घेऊन आलेल्या. ध्वनिक्षेपकावर जनावरांचा लिलाव पुकारणारा माणूस बसवलेला, आणि तो मुलींची नावं वजनासकट पुकारायला निघाला होता. त्याला थांबवलं.

अकराला इलिनॉयची बस आली. कार्लिन उतरली.

"कोच."

"कार्लिन! किती मोठी झालीस गं!"

"एकतीस वर्षांची. होतं असं, माणूस एका जागी थांबलं की." मग लिनेकडे वळून, "तू कर्णधार का? मग सामानाच्या खोलीच्या दारावर रोज सकाळी लक्ष ठेव."

लिनेने मला विचारलं, "म्हणजे काय, कोच?"

"जुनी थट्टा आहे," मी म्हटलं. कार्लिन हसली नव्हती.

साडेअकराला दोन पंचबाई काठ्या तपासायला आल्या. माझ्या मुली ओळीत उभ्या राहिल्या, पाय जुळवून, पाठ ताठ, काठी समोर तिरपी धरलेली. नजर पंचांवर खिळलेली, आणि चेहऱ्यावर एक विचित्र, ठरवून आणलेलं हसू. असं उभं राहायला मी शिकवलेलं नव्हतं. आणि काठ्या! उन्हात अशा चमकत होत्या की मला डोळे बारीक करावे लागले. चामडं मधासारखं पिवळंधमक. दोऱ्याचा पीळ न् पीळ विंचरलेला.

मोठ्या पंचबाईंनी लिनेची काठी हातात घेतली. वाद्यांवरून बोट फिरवलं.

"याला तेल कुणी लावलं?"

"मी, मॅडम!" लिने म्हणाली. तिला वाटलं, पहिल्या बक्षिसाची निळी फीत आपल्यालाच मिळणार.

पंचबाईंनी झोळीत चेंडू ठेवला. चेंडू आत गेला, आणखी आत गेला आणि दिसेनासा झाला. विहिरीत पोहरा जावा तसा.

"फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या, आणि खरंच मनापासून म्हणाल्या. "पण बाद."

दुसरी. बाद. तिसरी. बाद. प्रत्येक वेळी आधी "अरे वा" आणि मग "बाद".

मी जिनिव्हाकडे बघितलं. ती म्हणाली, "कोच, आम्ही सगळं केलं. चामड्याच्या साबणाने धुतलं, खरारा केला, तीनदा तेल पाजलं. वाळताना आकार राहावा म्हणून प्रत्येक झोळीत चेंडू घालून टांगून ठेवलं. जादाच्या काठ्याही सोडल्या नाहीत. जिल्ह्याच्या प्रदर्शनात जज सगळ्यात आधी कालवडीच्या म्होरकीचं चामडं बघतो."

ओलं चामडं, तेल, वर चेंडूचं वजन आणि अख्खी रात्र. या मुली सात वर्षांच्या असल्यापासून कालवडी न्हाऊ घालून जजपुढे उभ्या राहत आल्या आहेत. मी त्यांना सांगितलं, जज येणार, हातात घेऊन बघणार. त्यांनी त्यांना येतं त्यातलं सगळ्यात चांगलं मला दिलं. यात चूक कुणाची हे शोधायला फार लांब जायला नको.

सोळांतली एक काठी पास झाली: डार्सीची. पंचबाईंनी ती दोन बोटांत धरली, पेंड झटकली आणि म्हणाल्या, "ही नियमात आहे." डार्सीने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते मरेपर्यंत आठवेल. जिनिव्हाची गोलरक्षकाची काठीही पास. तिला नियमच नाही.

बाकीच्या आवळून पुन्हा दाखवायची परवानगी आहे. मी पाऊण तास गुडघ्यांवर बसून आवळत होते. तेलाने गाठ बसत नाही, बसली की घसरते. तीन काठ्या कशाबशा पास झाल्या. म्हणजे गोलरक्षक धरून पाचजणींना काठी आहे. बाराला सात कमी.

मर्ल येऊन दारात उभे राहिले. टोपी हातात.

"किती?"

"पाच."

"पाचजणींत होत नाही?"

"लीगचे लोक बाकावर बसलेत, मर्ल. बारा."

त्यांनी चुरगळलेला कान चोळला. मग म्हणाले, "प्रदर्शनात पोरीने जनावर इतकं सजवून आणलं ना, तर मी डोळे झाकून बक्षीस देईन." आणि निघून गेले. मला वाटतं ते रडायला गेले. कुस्तीगीर लोक लवकर रडतात.

लिने आत आली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला.

"कोच, आम्ही घाण केली ना सगळी?"

"नाही गं."

"संघ बंद झाला तर तुम्ही जाल?"

मी म्हटलं, "आत्ता ते कशाला?"

"नाही, म्हणजे," ती म्हणाली, "जाणार असाल तर तोंडावर सांगा. आम्ही घरी गाय विकायची असली तरी आधी तिच्याशी बोलतो."

ती गेल्यावर मी या खोलीच्या दाराकडे बघत बसले होते. साधं दार आहे, हिरवा रंग. एक चिठ्ठी लावायला एक मिनिट लागतं. ओहायोतही एकच मिनिट लागलं होतं. दुसऱ्या बाजूने ते दार कसं दिसत असेल, सकाळी सात वाजता, हातात चेंडूंची पिशवी घेऊन, हे मला आजवर सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला पाया म्हणत होते.

कार्लिनच्या बसजवळ सव्वीस मुली आहेत आणि त्यांच्याकडे जादाच्या काठ्यांच्या दोन पिशव्या. मी खिडकीतून मोजल्या. आम्ही उभ्या राहिलो नाही तर तिचा संघ न खेळता जिंकतो, आणि ती तीनच्या आत घरच्या रस्त्याला लागते. माझ्यासाठी तिने एक दोरीसुद्धा सोडावी असं काहीही मी केलेलं नाही. ती नाही म्हणणार. मी तिच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं, आणि वर दोन शब्द ऐकवले असते.

काय बोलायचं ते आधी लिहून बघते, नाहीतर तिथे जाऊन मी हवामानावर बोलेन.

कार्लिन, हे बघ, आपल्या जुन्या ओळखीच्या
(नको.)

कार्लिन, खेळाच्या भावनेने
(मुळीच नको.)

कार्लिन, मी तुला न सांगता गेले. तू वीस वर्षांची होतीस, आणि मी ते सगळं तुझ्या अंगावर टाकून गेले. हे मी पत्रांत कधी लिहिलं नाही. पत्रांत मी हवामान लिहिलं. तू नाही म्हणालीस तर तुझं बरोबरच असेल, मी वाद घालणार नाही. मला सात काठ्या हव्या आहेत, दोन तासांसाठी. माझ्यासाठी देऊ नकोस. आधी माझ्याबरोबर आमच्या बाकापर्यंत चल, माझ्या मुलींनी घासलेली एक काठी हातात घेऊन बघ, आणि मग त्यांच्यासमोर तुला मला काय ऐकवायचं ते ऐकव.